मेमरीचे अंतर: टीआयएफआर ते बीगलबोन

गोंदियाला लोक तांदळाचे शहर म्हणतात. राइस मिलमध्ये तांदूळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशीनमध्ये दाणे उतारावरून घसरतात, कॅमेरा काळा दाणा टिपतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. झोत जरा उशिरा सुटला तर काळा दाणा निसटतो आणि मागचा चांगला दाणा वाया जातो. अशा कामाला 'रिअल-टाइम' म्हणतात. इथे उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते वेळेवर यावे लागते.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले असे प्रयोग स्वस्त लिनक्स बोर्डावर करतात. काम अडखळले की मला विचारतात, "सर, महागडा बोर्ड घ्यावा का?" मी त्यांना आधी थोडा इतिहास सांगतो.

१९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्याच्या जोडीला १६०-ए नावाचा छोटा संगणकही होता. मोठ्याने गणित करायचे आणि आत-बाहेरची ने-आण धाकट्याने सांभाळायची, अशी कामाची वाटणी. हा धाकटा ज्या घराण्यातला, त्याचा मूळ आराखडा सेमूर क्रे यांचा. पुढे क्रे यांनी सीडीसी ६६०० मध्ये असे १० छोटे सहायक प्रोसेसर बसवले आणि प्रत्येकाला ४,०९६ शब्दांची स्वतःची मेमरी दिली. कारण साधे आहे. सगळ्यांनी एकाच कोठारातून माल काढायचा म्हटले की रांग लागते.

१९८० च्या दशकात याच क्रे यांच्या नावाचे महासंगणक भारताला देताना अमेरिकेने आडकाठी केली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विदर्भाचे सुपुत्र विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, पण अभिमानाच्या भरात त्यातले तंत्र मागे पडते. 'परम'मध्ये टी-८०० ट्रान्सप्युटर होते. प्रत्येक चिपच्या पोटातच ४ किलोबाइट मेमरी होती. ती एका सायकलमध्ये वाचता येई, बाहेरच्या मेमरीला किमान तीन सायकल लागत.

आता बीगलबोन ब्लॅक पाहा. हा बोर्ड २०१३ चा. मुख्य प्रोसेसरवर लिनक्स चालते आणि त्याच चिपमध्ये 'पीआरयू' नावाचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. वेग २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक सायकल ५ नॅनोसेकंदांची. प्रत्येकाला ८ किलोबाइट डेटा मेमरी आहे, शिवाय दोघांत मिळून १२ किलोबाइट. ही जवळची मेमरी मोजक्या सायकलमध्ये मिळते. मात्र बाहेरच्या ५१२ मेगाबाइट मेमरीतून एक आकडा वाचायला डझनावारी सायकल जातात, आणि तेवढा वेळ पीआरयू हातावर हात ठेवून थांबतो. त्यातही तो वेळ दर खेपेला सारखा नसतो, कारण लिनक्सही त्याच मेमरीवर धावत असते. रिअल-टाइम कामाचा खरा शत्रू हा बेभरवसा आहे.

उपाय बोर्ड न बदलताही होतो. लागणारा डेटा लिनक्सने आधीच पीआरयूच्या मेमरीत आणून ठेवावा. पीआरयूने बाहेरून वाचणे टाळावे. बाहेर लिहिणे त्या मानाने स्वस्त, कारण लिहून तो पुढे निघू शकतो. वाचावेच लागले तर एकेक आकडा न मागता एकाच आज्ञेत बरेच बाइट उचलावेत, म्हणजे फेरी एकदाच पडते. आणि एक बफर वापरात असताना दुसरा भरत राहावा.

पैसे कमी असलेल्या मुलाला हा इतिहास ठाऊक असणे गरजेचे आहे. नाहीतर प्रत्येक अडचणीचे उत्तर त्याला दुकानातच दिसते. साठ वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी त्याच्यासाठी दुसरे उत्तर लिहून ठेवले आहे: आधी बघ, तुझा माल कामाच्या हातापासून किती लांब ठेवला आहेस.