तळबीडची भावंडं आणि आपले ऐतिहासिक सिनेमे

गेल्या काही वर्षांत शिवकाळावरच्या सिनेमांचं पीकच आलंय. 'फर्जंद' (२०१८), 'तान्हाजी' (२०२०), 'पावनखिंड' (२०२२), 'सरसेनापती हंबीरराव' (२०२२), 'छावा' (२०२५)... थिएटरमध्ये घोषणा होतात, अंगावर काटा येतो. आणि तरी बाहेर पडताना कधीकधी वाटतं, काहीतरी राहिलं. काय राहिलं, याचा विचार करताना मला तळबीड आठवतं.

आम्ही मलकापूरकर. हायवेने कराड ओलांडून साताऱ्याकडे निघालं की थोड्या वेळात वसंतगड दिसतो. त्याच्या पायथ्याचं तळबीड हे हंबीरराव मोहित्यांचं गाव. त्यांची बहीण सोयराबाई म्हणजे शिवाजी महाराजांच्या राणी, राजाराम महाराजांच्या आई.

आता प्रसंग बघा. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. संभाजीराजे पन्हाळ्यावर. इकडे रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं गेलं आणि संभाजीराजांना कैद करायला अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पन्हाळ्याकडे निघाले. फौज हंबीररावांच्या हातात, आणि ते होते आपल्या कराडच्या परिसरात. सख्खा भाचा राजा होतोय, बहीण राजमाता होतेय. त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं! पण त्यांनी कारभाऱ्यांनाच धरलं आणि संभाजीराजांपुढे नेलं. १६ जानेवारी १६८१ ला संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी सोयराबाई वारल्या. १६८७ मध्ये वाईच्या लढाईत हंबीरराव पडले. पुढे मोगलांशी झुंजलेल्या महाराणी ताराबाई या त्यांचीच मुलगी, आणि राजाराम महाराजांच्या पत्नी.

एवढं नाट्य दुसऱ्या कुणी लिहून तरी दिलं असतं का? पण 'हंबीरराव' पाहून माझ्या लक्षात राहिल्या त्या लढायाच. नायक निष्ठावंत आहे हे पहिल्या फ्रेमपासून ठरलेलं असलं की त्याने निष्ठा निवडली याचं काही वाटतच नाही. एखादा माणूस रात्रभर जागला, बहिणीचा चेहरा आठवून अडखळला आणि मग निघाला, तर तो मोठा वाटतो. पुतळा अडखळत नाही, म्हणून तो मनात राहत नाही.

सोयराबाईंचं त्याहून वाईट. बहुतेक ठिकाणी त्या सासू-सुनेच्या मालिकेतली कारस्थानी बाई होऊन येतात. नवरा गेलेला, मुलगा दहा वर्षांचा, सावत्र मुलगा राजा झाला तर आपल्या पोराचं काय होईल ही भीती... हे कुणी दाखवत नाही. दाखवलं तर संभाजीराजे लहान होतात का? उलट हंबीररावांनी काय सोडलं ते कळेल.

'छावा'च्या वेळी काय झालं आठवा. लेझीमचं दृश्य काढावं लागलं, आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतल्यावर दिग्दर्शकाने माफी मागितली. गद्दार म्हणून कुणाचं तरी आडनाव घेतलं जातं तेव्हा ते दुखणारच, कारण ती माणसं आजही आपल्या आजूबाजूला राहतात. पण वाद होतो तो नाच आणि नावांवर. माणूस माणसासारखा दिसला की नाही, यावर आपण प्रेक्षक कधी भांडत नाही.

होऊ शकतं, हे परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने (२००९) दाखवलंय. त्यातले दादासाहेब फाळके सिनेमाच्या वेडापायी घरातल्या वस्तू विकतात, लोक त्यांना हसतात, आणि सरस्वतीबाई खंबीरपणे सोबत असतात. घोषणा नाही, स्लो मोशन नाही. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' होणार हे आपल्याला माहीत असतं, तरी 'जमेल ना यांना?' अशी धाकधूक वाटते. माझ्या मते सगळी गंमत त्या धाकधुकीत आहे.

असो. तुम्हाला अशी धाकधूक कुठल्या ऐतिहासिक सिनेमात वाटली, ते जरूर कळवा. मी मात्र अजून त्या सिनेमाची वाट बघतोय, ज्यात तळबीडची ही दोन भावंडं समोरासमोर बसून पाच मिनिटं नुसती बोलतील.