सत्तेला बांध घालणारी कलमे

सत्ताविभाजनाचे तत्त्व भारताच्या राज्यघटनेत एका ठिकाणी, एका वाक्यात सांगितलेले नाही. न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी असावी, असे ५० वे कलम म्हणते. परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने ३७ व्या कलमानुसार न्यायालयामार्फत त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही. सत्तेला खरा बांध घालणारी वाक्ये घटनेत विखुरलेली आहेत आणि त्यांतील पुष्कळशी दिसायला किरकोळ आहेत.

केंद्र व राज्ये यांच्यातील वाटणी २४६ वे कलम आणि सातवी अनुसूची करतात. संरक्षण व परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे, तर पोलीस, सार्वजनिक आरोग्य व शेती राज्यांकडे. शिक्षण आणि वने मुळात राज्यसूचीत होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत गेली. उरलेले सर्व विषय २४८ व्या कलमाने संसदेकडे येतात. तराजू केंद्राकडे झुकलेला आहे, हे मान्य केलेले बरे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकारही तिसऱ्या कलमानुसार संसदेचाच. संबंधित विधानसभेचे मत मागवावे लागते, मानावे लागत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात नेला, तो मात्र राज्याराज्यांतील वादांसाठी असलेल्या १३१ व्या कलमाच्या वाटेने.

पैशाबाबत घटना निःसंदिग्ध आहे. कायद्याच्या आधाराविना कर नाही (कलम २६५) आणि कायद्याविना एकत्रित निधीतून खर्चही नाही (कलम २६६).

अध्यादेशाचे कलम अधिक बारकाईने वाचण्याजोगे आहे. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडल्यास राज्यपालांना २१३ व्या कलमाने अध्यादेश काढता येतो. मात्र विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांनी तो आपोआप संपतो. या सहा आठवड्यांतच कायदा करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींकडे परत जातो. बिहारमध्ये ही मुदत निरर्थक करून टाकण्यात आली होती. अधिवेशन संपले की तेच अध्यादेश पुन्हा काढले जात. एक तर जवळजवळ चौदा वर्षे जिवंत राहिला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डी. सी. वाधवा यांनी हा प्रकार खणून काढला. १९६७ ते १९८१ या काळातील २५६ अध्यादेश अशा रीतीने पुन्हापुन्हा काढले गेल्याचे त्यांनी दाखवले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही प्रथा म्हणजे घटनेची फसवणूक ठरवली. मुदत घटनेत पहिल्या दिवसापासून होती. ती मोजणारा माणूस इतक्या वर्षांनी भेटला.

गोव्यातील उदाहरण अगदी अलीकडचे आहे. पंचायत व पालिका निवडणुका सरकारच्या हाती राहू नयेत, म्हणून २४३ (के) आणि २४३ (झेडए) ही कलमे त्या राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवतात. आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, त्याच कारणांसाठी आणि त्याच पद्धतीने पदावरून दूर करता येते. एवढे संरक्षण ज्या पदाला, त्याचा अतिरिक्त कार्यभार गोवा सरकारने आपल्याच कायदा सचिवांकडे दिला होता. सरकारचा नोकर एका खुर्चीत सरकारचे आदेश पाळणार आणि दुसऱ्या खुर्चीत त्याच सरकारपासून स्वतंत्र राहणार, ही अपेक्षाच विसंगत होती. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे व सांगे या पालिकांच्या प्रभाग आरक्षणाची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केल्यावर प्रकरण दिल्लीला गेले. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : केंद्र वा राज्य सरकारात पद धारण करणारी व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त होऊ शकत नाही. हा आदेश केवळ गोव्यापुरता न ठेवता न्यायालयाने तो देशातील सर्व राज्यांना लागू केला.