लोकभाषेंतील सुवार्ता



तापी व गोमाई ह्या नद्यांच्या संगमावरील आपल्या प्रकाशा येथें बाजारांत क्षणभर उभें राहिलें, तरी अहिराणी, भिली, गुजरी व मराठी अशा नाना भाषा कानीं पडतात. चर्चमध्यें मात्र आपण मराठींत प्रार्थना करितों. तेव्हां महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं सहज प्रश्न उद्भवतो कीं, देवाची भाषा कोणती? ख्रिस्तसभेच्या इतिहासांत ह्याचें उत्तर काय सांपडतें, तें संक्षेपानें पाहूं.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम ह्यांनीं बायबलचें लॅटिन भाषांतर हातीं घेतलें, तेव्हां पश्चिमेकडील सामान्य जनांस लॅटिन कळत होती. पुढें लोकांची बोली पालटली व लॅटिन विद्वानांपाशीं राहिली. म्हणून इ. स. 813 मध्यें तूर येथील धर्मपरिषदेनें प्रवचनें लोकांच्या बोलींत करावीं असें ठरविलें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें 1562 सालीं मिस्सा लॅटिनमध्येंच राखिली. परंतु विशेषतः रविवारीं व सणांच्या दिवशीं तिचा अर्थ लोकांस समजावून द्यावा, अशी धर्मगुरूंस आज्ञा केली. ऐक्यासाठीं लॅटिन व बोधासाठीं लोकभाषा, असा हा मार्ग होता.

मराठींत हा मार्ग चालून दाखविला फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं. जन्मानें इंग्रज असलेले हे येशूसंघीय धर्मगुरु 1579 सालीं गोव्यास आले व साष्टी प्रांतांत त्यांनीं सेवा केली. तेथील नवख्रिस्ती जनांचीं जुनीं पुराणें राजसत्तेच्या बळानें बंद झालीं होतीं. ही दुःखद गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं द्या, ही श्रोत्याची मागणी फादरांनीं आपल्या ग्रंथांतच नोंदविली आहे. तिचें उत्तर म्हणजे सुमारें 11,000 ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’. तें 1616 सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. शुद्ध मराठी सर्वांस कळणार नाहीं, हें जाणून त्यांनीं तींत तेथील बोलीचे सुलभ शब्द मिसळिले. पंडितांची वाहवा मिळविण्यापेक्षां गरीब श्रोत्याचें समाधान त्यांस अधिक मोलाचें वाटलें.

परंतु 1684 सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेंत सुवार्ता रुजली, तीच उपटावयाची! ‘ख्रिस्तपुराण’ 1649 व 1654 सालीं पुन्हा छापलें गेलें होतें. त्यानंतरची आवृत्ति जोसेफ सालढाणा ह्यांनीं मंगळूर येथें काढिली, ती 1907 सालीं. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें!

1963 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस मोकळीक दिली व मिस्सा आपल्या मराठींत आली. तथापि कार्य पूर्ण झालें असें समजूं नये. आपल्यापैकीं कित्येक आजीबाई चर्चमध्यें मराठींत उत्तर देतात, पण दुःखाच्या घडीं देवास हांक मारितात ती घरच्या बोलींत. ती हांक हलकी नव्हे. म्हणून विनंती इतकीच कीं, घरोघरच्या वृद्धांचीं प्रार्थना-गीतें तरुणांनीं वहींत उतरून घ्यावीं. मुलांस घरच्या बोलीची लाज वाटूं देऊं नये.

पेंतेकोस्तच्या दिवशीं जमलेल्या प्रत्येकानें देवाचीं महत्कृत्यें आपापल्या भाषेंत ऐकिलीं. तोच पवित्र आत्मा आपल्याही घरांत सर्व भाषांतून बोलो, हीच प्रार्थना.