किल्ले सिंधुदुर्ग : वर्षभराचे उत्सव आणि इतिहासाची जपणूक

मालवण बंदरात उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा जंजिरा दिसतो. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाला तटाने नागमोडी वेढा घातला आहे. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोडे, हे पाहून नवखा माणूस आजही थबकतो. १७६५ साली हा किल्ला इंग्रजांनी घेतला व त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले. पुढे तो करवीरकरांकडे परत आला आणि १८१२ च्या तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेला. इंग्रजी नाव मात्र येथील कोणाच्याही तोंडी राहिले नाही. १ मे १९८१ रोजी नवा जिल्हा झाला, तेव्हा त्यास नाव लाभले ते सिंधुदुर्गाचेच.

या किल्ल्याचा इतिहास जितका दप्तरांत आहे, तितकाच तो भोवतालच्या गावांच्या वर्षभराच्या उत्सवांत आहे. पुण्यास १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यापूर्वीच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत होते. कोकणात पावसाळी दमट हवा आणि वाळवी यांनी किती कागद खाल्ले याची गणतीच नाही. जेथे कागद गेला, तेथे रीत उरली.

किल्ल्याचे भूमिपूजन झाले ते मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६ या दिवशी. मालवणच्या किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून जो खडक आहे, त्यावर गणेश, शिवलिंग, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. येथेच शिवछत्रपतींनी पूजा केली व वेदमूर्ती जानभट अभ्यंकर यांनी पौरोहित्य केले, अशी परंपरा सांगते. मालवणातील किल्ले प्रेरणोत्सव समिती व इतर शिवप्रेमी मंडळी त्याच धोंड्याची पूजा करून हा दिवस पाळतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ग्रंथांतून या दिवसाची इंग्रजी तारीख २५ नोव्हेंबर १६६४ अशी दिलेली असते. ती जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची. इंग्रजांनी १७५२ साली आपले पंचांग सुधारले. शिवकालात दोन्ही पंचांगांमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. म्हणून आजच्या हिशेबाने ती तारीख येते ५ डिसेंबर. २०२३ साली भारतीय नौदलाने आपला नौदल दिन ४ डिसेंबर रोजी याच किनाऱ्यावर साजरा केला. नौदल दिनाचे कारण १९७१ च्या कराची हल्ल्याचे, तरीही दोन्ही दिवस किती जवळ आले पाहा! तिथीने जाणाऱ्यास तर हिशेबाची गरजच नाही. दत्तजयंती झाली की पाठोपाठ द्वितीया आलीच. बांधकाम पुरे झाल्याचा दिवसही असाच, चैत्री पौर्णिमा शके १५८९, म्हणजे हनुमान जयंतीचा. जुन्या पंचांगाने तो २९ मार्च १६६७ होता. शिवजयंतीच्या तिथी-तारखेवरून महाराष्ट्रात केवढा वाद झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. येथे तसा वाद न करता दोन्ही दिवस पाळले तरी कोणाचे काही बिघडत नाही. फक्त कोणता दिवस कोणत्या पंचांगाचा, हे मुलांना नीट सांगितले पाहिजे.

समुद्राशी संबंधित खरा मोठा सण नारळी पौर्णिमेचा. पावसाळ्यात किल्ल्याची प्रवासी होडी बंद असते, दर्या खवळलेला असतो. त्या दिवशी किल्ल्यावरील रहिवासी प्रथम सागराची पूजा करून श्रीफळ अर्पण करतात आणि तोफेचा बार काढतात. तो आवाज बंदरावर ऐकू आला की मग मालवणचे व्यापारी व नागरिक आपला नारळ सागरास देतात. त्यानंतर नारळ लढविण्याची एकच धांदल उडते. नारळाचा पहिला मान किल्ल्याचा. किल्ल्याची सत्ता जाऊन दोनशे वर्षे उलटली, पण बंदर त्याच्या इशाऱ्यासाठी अजून थांबते.

सर्वांत हृद्य प्रथा मात्र कांदळगावची. किल्ल्याच्या कामात विघ्ने येऊ लागली तेव्हा श्री देव रामेश्वराने महाराजांस दृष्टांत दिला, महाराज कांदळगावी आले व त्यांनी तेथे वड लावला, अशी कथा गावात सांगतात. कथेला कागदाचा आधार मागणारा इतिहासकार येथे अडखळेल आणि त्याने अडखळावेच. परंतु दर तीन वर्षांनी श्री देव रामेश्वर तरंगे, मानकरी व रयतेसह मालवणास येतो, होडीतून खाडी ओलांडतो आणि किल्ल्यात श्री शिवराजेश्वराची भेट घेतो, हे तर डोळ्यांनी दिसते. देव राजाच्या भेटीस जातो! आचरे येथील गावपळण असो, दिवाळी पाडव्यास निघणारी मालवणच्या रामेश्वर-नारायणाची पालखी असो, की शिकारीनंतर कौल घेऊन दिवस ठरणारी आंगणेवाडीची जत्रा असो, प्रत्येकीत जुन्या व्यवस्थेचा एखादा धागा शिल्लक आहे. मानापानाच्या क्रमात कोणते घराणे कोठे उभे राहते, यावरून गावच्या वसाहतीचा इतिहास वाचता येतो.

ज्या शिवराजेश्वराची ही भेट, ते मंदिर छत्रपती राजारामांनी १६९५ साली उभारले. विसाव्या शतकाच्या आरंभी करवीरच्या शाहू छत्रपतींनी त्यास सभामंडप जोडला. मूळ गाभारा तसाच राहिला, नवे काम पुढे वाढले. जीर्णोद्धार कसा करावा याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. नाहीतर अलीकडे फरशी बसवताना अंगणातील वीरगळ व जुने कोरीव दगड पायाभरणीत जातात, लाकडी खांब जळणाला जातात, आणि ऑइलपेंटखाली शिलालेख बुजतात. काम सुरू होण्यापूर्वी जुन्या देवळाची मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत, मानकऱ्यांच्या घरी असलेल्या सनदांच्या नकला करवून घ्याव्यात, प्रथा ज्यांस ठाऊक आहेत अशा वृद्धांकडून त्या लिहून घ्याव्यात. याला फारसा पैसा लागत नाही. वेळ मात्र आताच द्यावा लागेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्गही आहे. तटाची डागडुजी शासनाचे तज्ज्ञ पाहतील. नारळी पौर्णिमेचा बार आणि रामेश्वराची होडी मात्र पूर्वीप्रमाणे गावकऱ्यांच्याच हाती आहे.