समुद्रपक्षी व जड धातूंचे वहन

समुद्रात मासे आणि इतर जीव खाऊन पक्षी घरट्याच्या बेटावर परततात, तेव्हा त्यांच्या विष्ठेतून, पिसांतून, अंड्यांतून आणि मेलेल्या पिलांतून पारा, कॅडमिअम, शिसे असे धातू जमिनीवर येतात. याला जैववहन म्हणतात. त्याचे वेगळेपण मराठवाड्यातून पाहिले की चटकन ध्यानात येते. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते आणि नांदेडवरून आलेली गोदावरी पुढे बंगालच्या उपसागराला. खडकांतून सुटलेले, शेता-शहरांतून धुऊन आलेले धातू या वाटेने उतारानेच जातात. पाण्याला परतीची वाट नाही. पक्ष्याला ती आहे, आणि तो रिकामा परतत नाही. पाऱ्याचे मिथिल संयुग प्लवकांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत चढत जाताना दाट होते, म्हणून मासेखाऊ पक्ष्याच्या वाट्याला ते आधीच साठलेले येते.

याचा ठळक पुरावा कॅनडाच्या डेव्हन बेटावरील केप व्हेरा येथे मिळाला. फुलमार या समुद्रपक्ष्यांच्या कड्याखालील तळ्यांत पारा, पक्ष्यांचा वावर कमी असलेल्या तळ्यांच्या सुमारे 25 पट, तर डीडीटी 60 पट आढळले (2005). यावर पहिला आक्षेप असा की पारा हवेतूनही सर्वदूर पडतो. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांचा पारा ध्रुवापर्यंत पोचतो. हे खरेच आहे, आणि समुद्रात पारा येतो त्यातही हवेचा मोठा वाटा आहे. पण हवा शेजारशेजारच्या तळ्यांत भेद करत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर कॅनडातील एकाच छोट्या बेटावरची तळी तपासली होती. मासे खाणाऱ्या सुरय पक्ष्यांच्या तळ्याच्या गाळात पारा व कॅडमिअम अधिक होते. शिंपले खाणाऱ्या आयडर बदकांच्या तळ्यात शिसे, मँगनीज व ॲल्युमिनिअम. आकाश एकच, भक्ष्य मात्र निराळे. हा फरक हवेच्या खात्यावर टाकता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पक्षी पाऱ्याचा बराच भाग पिसांत कोंडतात आणि ती पिसे समुद्रावर गळाली तर बेट वाचते. त्यामुळे पक्ष्यांची संख्या मोजून धातूंचा हिशेब मांडता येत नाही, जातीगणिक आहार आणि पिसे गळण्याचा काळ पाहावाच लागतो. तरीही पक्ष्याला प्रदूषक म्हणणे अन्यायाचे ठरेल. तीच विष्ठा उजाड खडकाला नत्र व स्फुरद देते, आणि तिच्यातला पारा वाढवला तो माणसाच्या भट्ट्यांनी.

गोदावरीवरील नदी सुरय मात्र जैववहनाच्या या व्याख्येत बसत नाही. ती नदीतलाच मासा नदीकाठी आणते, समुद्रातले काही आत आणत नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी जागा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापलीकडचे खडक ही आहे. तेथे समुद्री सुरय वीण करतात आणि गुहांत पाकोळ्याही घरटी बांधतात. सुरय मासे आणतात, पाकोळ्या उडते कीटक. आहाराचा नियम इथेही लागू असेल, तर सुरयांच्या कपारीतली माती आणि पाकोळ्यांच्या गुहेतली माती यांतले धातू सारखे नसावेत.