भोकरदन, तेर आणि पाँपेई : हस्तिदंती शिल्पाच्या मूलस्थानाचा प्रश्न

हस्तिदंताच्या कोरीव वस्तू दूरदेशीच्या श्रीमंतांनी संग्रही ठेवाव्यात, ही प्रथा फार जुनी आहे. सोळाव्या शतकात सिंहलद्वीपातील कोट्टे येथील हस्तिदंती पेटिका युरोपात गेल्या. त्यांपैकी काही म्युनिकच्या राजसंग्रहात आजही आहेत. परंतु या व्यवहाराचा सर्वांत बोलका पुरावा त्याहून दीड हजार वर्षांनी प्राचीन आहे.

इ.स. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना पाँपेई येथील एका घरात सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. मध्यभागी अलंकारमंडित स्त्री व दोन्ही बाजूंस प्रसाधनसाहित्य घेतलेल्या दासी, अशी तिची रचना आहे. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ मध्ये झाला. त्यामुळे ती त्यापूर्वीच इटलीत पोहोचली होती, हे निर्विवाद होय. मायुरींनी तिला लक्ष्मी मानले. तथापि मस्तकापासून खाली गेलेले छिद्र पाहता, ती आरशाची मूठ अथवा आसनाचा भाग असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ही प्रतिमा घडली कोठे? प्रारंभी मथुरेचे नाव पुढे आले. पुढे इ.स. १९३७ ते १९३९ या काळात बेग्राम येथे मिळालेल्या हस्तिदंतांशी तिची तुलना झाली. तिच्यावरील खरोष्ठी अक्षरामुळेही अभ्यासकांची दृष्टी वायव्येकडे वळली.

नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी इ.स. १९७३ मध्ये भोकरदन येथे केलेल्या उत्खननाने या प्रश्नाला नवे वळण दिले. डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते यांच्या या उत्खननात, दोन दासींसह उभ्या असलेल्या स्त्रीच्या हस्तिदंती प्रतिमेचा खालचा भाग उपलब्ध झाला. पाँपेईच्या प्रतिमेशी त्याचे साम्य उघड आहे. तेर येथील लामतुरे संग्रहातील हस्तिदंती स्त्रीप्रतिमाही याच कुळातील होय.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची व भारहुत येथील लेखांत आढळतात. पेरिप्लसमध्ये पैठण व तगर येथून गाड्यांवरून भडोचला माल जात असल्याचे सांगितले आहे, आणि भडोचच्या निर्यातीत हस्तिदंताचा स्पष्ट उल्लेख आहे. मालाचा मार्ग अशा रीतीने ज्ञात आहे.

मात्र साम्यावरून कार्यशाळा सिद्ध होत नाही. जी वस्तू पाँपेईला जाऊ शकते, ती भोकरदनलाही बाहेरून येऊ शकते. सांचीच्या दक्षिण तोरणावरील लेखानुसार तेथील रूपकर्म विदिशेच्या दंतकारांनी केले होते. म्हणून विदिशेचा दावाही दुर्लक्षिता येत नाही. उलटपक्षी, खरोष्ठी अक्षर हे खूण करणाऱ्याची लिपी सांगते, कोरणाऱ्याचे गाव नव्हे. बेग्रामच्या काही हस्तिदंतांवरही जुळणीसाठी अशा खुणा केलेल्या आढळतात.

तात्पर्य, पाँपेईची प्रतिमा दख्खनचीच, असे आज ठामपणे म्हणता येत नाही; पण दख्खनला वगळून तिचा विचार करणेही यापुढे शक्य नाही. निर्णायक पुरावा सुबक प्रतिमेपेक्षा अर्धवट कोरलेले तुकडे, दंताचे कपचे व हत्यारे यांतूनच मिळावयाचा आहे. सातवाहनकालीन स्थळांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी अशा क्षुल्लक भासणाऱ्या अवशेषांची नोंद काटेकोरपणे ठेवणे अगत्याचे आहे.