पहिल्या पिस्तुलाची निवड

शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या भारतीय नागरिकाजवळ पैशांखेरीज आणखी एक गोष्ट असावी लागते. ती म्हणजे परवाना. तो नसेल तर दुकानदार त्याला एक काडतूसही विकू शकत नाही. आणि परवाना असला तरी मनाजोगती निवड करण्याची पूर्ण मुभा त्याला मिळते असे नाही. शस्त्र कोणत्या प्रकारचे असावे, काडतुसे किती बाळगावीत, हे त्या कागदावर आधीच लिहिलेले असते. पहिले पिस्तूल कोणते घ्यावे हा प्रश्न काही देशांत निव्वळ आवडीनिवडीचा असेल. भारतात मात्र तो दीडशेहून अधिक वर्षे राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातील विश्वासाचा प्रश्न राहिला आहे. दुकानातील काचेच्या कपाटात मोजकीच शस्त्रे का दिसतात, हे समजून घ्यावयाचे तर त्या इतिहासाकडे वळावे लागते.

१८५७ च्या उठावाने इंग्रजी राज्याच्या मनात जी धास्ती भरली, तिचा एक परिणाम म्हणजे निःशस्त्रीकरण. उठाव चालू असतानाच शस्त्रांवर निर्बंध घालणारा पहिला कायदा झाला, १८६० मध्ये दुसरा झाला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कडक कायदा करण्यात आला. बंदूक आणि पिस्तूल तर त्यात आलेच, पण तलवार, भाला आणि धनुष्यबाणसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत शस्त्र ठरले. त्याच वर्षी लिटनसाहेबांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदाही केला होता. पुढे लॉर्ड रिपन यांनी वृत्तपत्रांचे कुलूप चार वर्षांतच काढले. लेखणी परत मिळाली. शस्त्रांचा कायदा मात्र होता तसाच राहिला.

त्या कायद्यातील खरा काटा निर्बंधांचा नव्हता. सुव्यवस्थित राज्यात शस्त्रांवर काही निर्बंध असणारच. काटा होता तो सवलतींचा. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना परवान्यातून सूट होती. राजेरजवाडे आणि मानाचे किताब मिळालेले काही भारतीयही त्या यादीत होते. पण सामान्य भारतीयाला, मग तो कितीही विद्वान, धनवान वा निरुपद्रवी असो, सरकारदारी अर्ज करणे भाग होते. कालपरवा बोटीतून उतरलेला गोरा कारकून कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरू शके आणि त्याच गावातील वयोवृद्ध वकिलाला मात्र आपल्या घराच्या राखणीसाठी साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. शस्त्र नसण्यापेक्षा, आपल्यावर विश्वास नाही ही गोष्ट लोकांना अधिक झोंबली. म्हणूनच १८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव आला. तरुण बिपिनचंद्र पाल त्या ठरावावर आवेशाने बोलले.

अर्ज करून मिळत नाही ते चोरून मिळवावे, असेही काहींना वाटू लागले. १९०९ साली लंडनहून विनायकराव सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे हिंदुस्थानात पाठविली. त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा अनंत कान्हेरे अठरा वर्षांच्या आसपासचा विद्यार्थी होता. जिल्ह्यातील शस्त्रपरवाने ज्याच्या सहीने निघत, तोच अधिकारी विनापरवाना पिस्तुलाला बळी पडला, यातील विपरीतपणा लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. लांब बंदूक लपवून नेता येत नाही, पिस्तूल मात्र कोटाच्या आत मावते. क्रांतिकारकांनी पिस्तूल निवडले ते याच गुणासाठी, आणि राज्यकर्त्यांनी पिस्तुलाचा धसका घेतला तोही याच गुणामुळे. ही भीती इंग्रजी राज्याबरोबर संपली नाही. ती आजच्या कायद्यातही टिकून आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास, वर्णावर आधारलेली सूट नियमांतून काढण्यात आली. तरीही सल गेला नाही. शस्त्रांच्या बाजूने बोलणाऱ्यांत एक नाव असे आहे की, ते ऐकून आजही अनेकांना नवल वाटेल. ते म्हणजे महात्मा गांधी. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली होती. १९३० च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत आणि ते लोकांच्या नियंत्रणाखाली असावेत अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या उपासकाने ती करावी यात विसंगती नाही. ज्याच्या हाती शस्त्र धरण्याचा अधिकारच नाही, त्याने ते खाली ठेवले यात त्याचा त्याग कोणता? पुढच्या वर्षी कराचीच्या अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो प्रसिद्ध ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट करण्यात आला.

नंतर स्वातंत्र्य आले, आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या त्याच महात्म्यावर इटालियन बनावटीच्या, विनापरवाना पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी घटना समितीत हा विषय निघाला. सनदी नोकरी सोडून राष्ट्रीय चळवळीत आलेले हरि विष्णु कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकी सरकारने नाकारलेल्या हक्काबद्दल कराचीला तक्रार करणे योग्यच होते. पण आता परिस्थिती पालटली आहे, आणि प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र बिनदिक्कत विकत घेता येऊ लागले तर राज्यकारभार चालविणेच अशक्य होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अशा रीतीने, ज्या परवान्याविरुद्ध दोन पिढ्या झगडल्या, तो परवाना स्वतंत्र भारताने विचारपूर्वक ठेवून घेतला.

मग बदलले काय? बदल पाहावयाचा तर १९५९ चा शस्त्र अधिनियम उघडला पाहिजे. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. तलवारी, भाले यांवरील सरसकट बंधन त्याने उठविले आणि सरकार अधिसूचना काढील त्या भागापुरतेच ते ठेवले. वर्णाचा भेद तर त्यात शिल्लकच नव्हता. परवाना नाकारावयाचा झाल्यास अधिकाऱ्याने कारणे लिहून ठेवली पाहिजेत, आणि अर्जदाराला वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता आले पाहिजे, हे त्यात आले. साहेबाच्या मर्जीच्या जागी कारण आले. वरवर पाहता हा बदल लहान दिसतो. पण प्रजेचा नागरिक होतो तो अशाच बदलांनी.

मात्र त्याच कायद्याने लांब बंदूक आणि पिस्तूल यांत स्पष्ट अंतर ठेवले. स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मागितला, किंवा पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याने ठासणीची बंदूक मागितली, आणि अर्जदारात दोष नसला, तर परवाना द्यावयाचा असा कायद्याचा रोख आहे. कोडगू जिल्ह्यातील कोडवा समाजाला तर बंदूक बाळगण्यासाठी परवान्यातून असलेली जुनी सूट आजतागायत चालू आहे. तेथे वर्षातील एका सणाला घराघरांतून बंदुकांची पूजा होते. पिस्तुलाचे तसे नाही. तेथे अर्जदाराजवळ सबळ कारण असल्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. वयाची एकवीस वर्षे पुरी असावी लागतात, पोलीस ठाण्याचा अहवाल यावा लागतो आणि मग जिल्हादंडाधिकारी किंवा मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त निर्णय देतात. म्हणजे पहिल्या पिस्तुलाच्या निवडीची पहिली पायरी दुकानात येतच नाही. ‘कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर अर्जाच्या रकान्यात लिहिणे, ही ती पायरी होय.

दुसरी पायरी नळीच्या व्यासाची, म्हणजे बोअरची. सैन्य आणि पोलीस जी काडतुसे वापरतात, त्या व्यासाची शस्त्रे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. .३८ आणि .४५ बोअरची रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले, ९ मिलिमीटरचे पिस्तूल, .३०३ ची रायफल ही त्यांतील ठळक नावे. यामागचा विचार सरळ आहे: सरकारी कोठारातून चोरलेले काडतूस खाजगी शस्त्रात बसता कामा नये. हा विचारही जुनाच. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने .४५० बोअरच्या रायफलींची आयात बंद केली, तेव्हा विलायतेतील बंदूककारांनी हिंदुस्थानातील शिकाऱ्यांसाठी .४७० आणि त्याच्या आसपासचे नवे व्यास मुद्दाम काढले. कलकत्त्यातल्या एका आदेशाने इंग्लंडमधील कारखान्यांचे साचे बदलले, असा तो प्रकार होता.

निषिद्ध व्यास वगळले की सामान्य नागरिकासाठी उरते ते मुख्यतः .३२ बोअर. एकेकाळी वेब्ली अँड स्कॉटसारख्या परदेशी कंपन्यांची शस्त्रे परवानाधारकांना मिळत. १९८० नंतरच्या दशकात खाजगी नागरिकांसाठीची आयात बंद झाली आणि वडिलार्जित विलायती पिस्तुलांना सोन्याची किंमत आली. ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारी आयुधनिर्माणीने १९९० नंतरच्या दशकात कानपूरला .३२ चे रिव्हॉल्व्हर तयार करण्यास प्रारंभ केला. त्याची घडण जुन्या वेब्लीच्या धाटणीची: सहा घरांचे फिरते चक्र, आणि नळी पुढे झुकवून ते उघडण्याची सोय. ज्या शस्त्राच्या जोरावर इंग्रज अंमलदार वावरत, त्याचेच धाकटे भावंड स्वतंत्र भारतातील नागरिकाचे पहिले पिस्तूल ठरावे, हा इतिहासाचा एक लहानसा विनोद होय. २०१४ च्या जानेवारीत याच शहरातून ‘निर्भीक’ नावाचे, अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाहेर पडले. २०१२ च्या डिसेंबरातील दिल्लीच्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या संरक्षणाचे साधन म्हणून ते पुढे करण्यात आले. त्याची किंमत मात्र सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. रात्री बसने घरी परतणाऱ्या किती मुलींना ते परवडणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि त्याचे उत्तर कोणत्याही कारखान्याजवळ नव्हते.

तिसरी पायरी रिव्हॉल्व्हर की स्वयंचलित पिस्तूल, ही. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे डोळ्यांसमोर येतात. भरले आहे की रिकामे, याविषयी शंका उरत नाही. पिस्तुलाची काडतुसे मुठीतल्या खोळीत असतात. ती खोळ काढून घेतली तरी एक काडतूस नळीच्या मागे राहून जाऊ शकते, आणि रिकामे समजून हाताळलेल्या पिस्तुलाने घरातल्याच माणसाचा प्राण घेतल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत वारंवार येतात. हलके शस्त्र बाळगायला सोपे, पण झाडताना त्याचा धक्का हाताला अधिक बसतो आणि नेम ढळतो. म्हणून नवख्या माणसाने थोडे जड, साधे आणि उघडून पाहता येईल असे शस्त्र घ्यावे, असे जाणकार सांगत आले आहेत. २०१६ च्या नियमांनी तर शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला अर्जदाराकडून मागितला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या शस्त्रांची मर्यादा तीनावरून दोनावर आणली आणि लग्नाच्या वरातीत हौसेने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा ठेवली.

या साऱ्या नियमांचा जाच होतो, अर्ज महिनोन्महिने पडून राहतात, आणि गुंडाच्या कमरेचे गावठी पिस्तूल कोणत्याच ठाण्याच्या नोंदीत नसते, ही नागरिकांची तक्रार खोटी नाही. नाशिकच्या आणि कलकत्त्याच्या त्या घटनांपासून हेच दिसत आले आहे की, परवाना अडवतो तो कायदा पाळणाऱ्याला. पण परवाना अडवतो त्याबरोबर थांबवितोही. रागाच्या भरात, भीतीच्या भरात किंवा निव्वळ ऐटीसाठी शस्त्र घेऊ पाहणाऱ्याला तो काही महिने विचार करावयास लावतो. त्या काळात कित्येकांच्या ध्यानात येते की, आपल्याला हवा होता तो दाराला चांगला अडसर, शेजाऱ्यांशी सलोखा किंवा ठाण्यातील एक कर्तव्यदक्ष फौजदार.

ज्याला खरोखरच शस्त्राची गरज आहे, त्याने ते घ्यावे. दोन पिढ्यांनी मागितलेला तो विश्वास आज प्रत्येक नागरिकाला कायद्याने, वर्ण न पाहता, मागता येतो. मात्र शस्त्र घरी आणण्यापूर्वी एक गोष्ट त्याने सिद्ध ठेवावी. भक्कम कुलपाची एक पेटी भिंतीत बसवून घ्यावी आणि तिची किल्ली घरातील मुलांच्या हाती कधीही लागणार नाही अशी व्यवस्था करावी. पेटीची जागा आधी ठरावी. पिस्तूल मागाहून निवडले तरी चालेल.